जर्मनीला पाठवायचे असेल, तर पहिल्या सहा महिन्यांचेही बघा

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. तेव्हापासून या विषयावर आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी त्याच राज्यातल्या, श्टुटगार्टजवळच्या एका गावातून नियमाने वाचत आले आहे. दहा हजार तरुणांना पाठवण्याचा संकल्प, मोफत भाषावर्ग, परिचारिका, वीजतंत्री, नळजोडणी करणारे आणि वाहनचालक यांना असलेली मागणी, हे सर्व तपशील आपल्या वाचकांपर्यंत पोहोचले आहेत. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २०,००० वरून ९०,००० करण्याचे जाहीर केले, त्यालाही आपण पहिल्या पानावर जागा दिली होती. मात्र विमानतळावर उतरलेल्या माणसाचे पुढच्या सहा महिन्यांत काय होते, याबद्दल या सगळ्या मजकुरात मला जवळजवळ काहीच सापडले नाही. मी एका वृद्धसेवा संस्थेच्या कर्मचारी विभागात काम करते आणि परदेशातून येणाऱ्या परिचारिकांची कागदपत्रे माझ्या टेबलावरून जातात, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांची राज्य पातळीवरील भागीदारी २०१५ पासूनची आहे, आणि बॉशचे नाशिक किंवा मर्सिडीजचे चाकण ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या घरातले कोणी ना कोणी इथे येऊन गेलेले असते. या मंडळींचे अनुभव आपल्याकडे आदराने ऐकले जातात आणि ते खोटेही नसतात. परंतु ते बहुतांशी अभियंत्यांचे अनुभव आहेत. कंपनीने पाठवलेल्या अभियंत्यासाठी घर शोधायला कंपनीचाच माणूस असतो, नोंदणी कार्यालयात त्याच्यासोबत कोणीतरी जर्मन बोलणारे जाते आणि दिवसभराचे काम इंग्रजीत चालते. त्यामुळे दहा वर्षे राहूनही बेकरीत पाव मागण्यापलीकडे जर्मन न येणारे सुखी मराठी कुटुंब इथे सहज भेटते. जी नांदेडची परिचारिका किंवा सांगलीचा वीजतंत्री आता येऊ घातला आहे, त्याला यातले काहीही लागू पडणार नाही. त्याचे काम पहिल्या दिवसापासून जर्मन भाषेत आहे, त्याचा पगार अभियंत्याच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास असू शकतो, आणि त्याच्यासाठी कार्यालयांच्या दारात उभे राहणारे कोणी नाही. शिवाय ज्या वाहन उद्योगामुळे हे राज्य आपल्याला परिचित झाले तो आज स्वतः आकसतो आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफ कंपनीने २०२४ मध्ये, २०२८ पर्यंत जर्मनीतील १४,००० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले आणि बॉशने २०२५ मध्ये आणखी १३,००० नोकऱ्यांवर गदा येणार असल्याचे सांगितले. एकाच गावात अभियंत्याला नारळ मिळतो आहे आणि परिचारिका मिळेनाशी झाली आहे, हे चित्र विचित्र वाटले तरी खरे आहे.

इथले बस्तान बसवण्याची सुरुवात घरापासून होते, आणि बहुतेकांची पहिली ठेच तिथेच लागते. जर्मन कायद्यानुसार घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात आपला पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीसाठी नुसता भाडेकरार चालत नाही; अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहायला आली आहे, असे घरमालकाने एका ठरावीक नमुन्यावर लिहून द्यावे लागते. हा दाखला २०१५ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा आहे. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो, आणि टपालपेटीवर आपले नाव चिकटवलेले नसेल तर ते पत्र परत जाते. करक्रमांक वेळेवर दिला नाही, तर पगार काढणाऱ्याला सहाव्या, म्हणजे सर्वांत चढ्या करवर्गाने कपात करावी लागू शकते आणि ते पैसे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. बँकेचे खाते, मोबाइलचा करार, निवासपरवान्याची मुदतवाढ, सगळीकडे हाच नोंदणीचा कागद मागतात. म्हणजे घर नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर पुढचे काहीच नाही. आणि घरमालकाला मात्र भाडेकरूच्या मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या पाहायच्या असतात, ज्या नुकत्याच आलेल्या माणसाकडे असणे शक्यच नसते.

या कोंडीत सापडलेला माणूस मग काय करतो? तो ओळखीच्या ओळखीतून एखाद्या खोलीत चौथा म्हणून राहतो, जिथे घरमालक दाखला द्यायला तयार नसतो. किंवा इंटरनेटवर घराची छायाचित्रे पाहून, घर न बघताच अनामत रक्कम पाठवून मोकळा होतो आणि नंतर कळते की ते घर भाड्याने द्यायचेच नव्हते. अनामतीबाबत कायदा स्पष्ट आहे: ती वीज-पाणी-हीटिंग वगळून येणाऱ्या मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. हा हक्क मी आजवर ज्या ज्या नवागताला सांगितला, त्याने तो पहिल्यांदाच ऐकला होता. श्टुटगार्टच्या परिसरात एका खोलीचे घरदेखील सातशे-आठशे युरोंच्या खाली सहजी मिळत नाही. त्यातही अनेक घरांमध्ये स्वयंपाकघर रिकामे असते. रिकामे म्हणजे शब्दशः रिकामे, ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ आणि एक वीजजोडणी एवढाच तो संसार. आपल्याकडे भाड्याच्या घराचे सामान म्हणजे फार तर पंखे आणि कपाट, त्यामुळे ओट्यासाठी हजार-दीड हजार युरो बाजूला ठेवावे लागतील हे कोणाच्या हिशेबातच नसते.

माझी पहिली सूचना त्यामुळे अगदी साधी आहे. करारात नोकरी देणाऱ्या संस्थेने निदान पहिले सहा महिने राहण्याची जागा द्यावी आणि त्या जागेचा नोंदणीसाठीचा दाखला पहिल्या आठवड्यात हातात ठेवावा, असे शासनाने लेखी घेतले पाहिजे. वृद्धसेवा संस्था आणि रुग्णालये यांच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी खोल्या असतात, त्यामुळे ही मागणी अवास्तव नाही. केरळ आणि फिलिपिन्समधून येणाऱ्यांच्या बाबतीत ती अनेक ठिकाणी पाळली जाते.

भाषेविषयी शासनाने पुढाकार घेतला हे स्वागतार्ह आहे, आणि त्यात मॅक्समुल्लर भवनासारख्या संस्थेचा अनुभव उपयोगी पडणारच. तरीही चार-सहा महिन्यांत सगळे होईल अशी जी अपेक्षा निर्माण झाली आहे, ती तपासून पाहायला हवी. खुद्द जर्मन सरकार इथे राहणाऱ्या परदेशीयांना ब१ पातळीपर्यंत (अ१ ते क२ या सहा युरोपीय भाषापातळ्यांपैकी तिसरी) नेण्यासाठी जो एकात्मता वर्ग चालवते, त्यात भाषेच्या ६०० तासिका आणि देशाच्या ओळखीच्या १०० तासिका असतात, आणि हे रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये सतत जर्मन कानावर पडणाऱ्या माणसासाठी. परिचारिकेला व्यवसाय-मान्यतेसाठी त्याच्याही वरची ब२ पातळी लागते. शिवाय पुस्तकातली जर्मन आणि इथल्या वॉर्डातली जर्मन यांत अंतर आहे. हे राज्य श्वाबी बोलीचे आहे. 'आम्हाला सगळे जमते, फक्त प्रमाण जर्मन तेवढे जमत नाही' अशा आशयाची जाहिरात या राज्याने स्वतःच वर्षानुवर्षे अभिमानाने केली. ब२ चे प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलगी पंच्याऐंशी वर्षांच्या श्वाबी आजींचे गाऱ्हाणे पहिल्या महिन्यात समजू शकत नाही आणि स्वतःलाच दोष देत बसते. त्यात तिचा दोष काहीच नसतो. येण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन महिन्यांत जरी या भागातील संभाषणांची ध्वनिमुद्रणे तिला ऐकवली, तरी पुष्कळ फरक पडेल.

याहून गंभीर, आणि आपल्याकडे सर्वांत कमी समजलेला मुद्दा म्हणजे व्यवसायाची मान्यता. जर्मनीत वीजतंत्री किंवा तत्सम कारागीर होण्यासाठी तीन ते साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण असते, ज्यात विद्यार्थी आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो. आपल्या आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याच्याशी ताडून पाहिला जातो, आणि अनेकदा अंशतः समतुल्य असा निर्णय येतो. म्हणजे तुम्हाला अमुक विषयांत कमतरता आहे, ती इथे भरून काढा, मग पूर्ण मान्यता मिळेल. यात अपमान काही नाही. निर्णयासोबत कमतरतांचा तपशील मिळतो आणि त्यावरून पुढचा मार्ग आखता येतो. १ मार्च २०२४ पासून तर मान्यतेची प्रक्रिया जर्मनीत आल्यावर, नोकरी करता करता पूर्ण करण्याचा 'मान्यता भागीदारी' नावाचा मार्गही खुला झाला आहे. त्यासाठी आपल्या देशात मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, अ२ पातळीची भाषा आणि नोकरी देणाऱ्याशी केलेला करार लागतो. आयटीआयच्या मुलांसाठी हा मार्ग मोलाचा आहे, पण त्यात नोकरी देणाऱ्याने प्रशिक्षणासाठी वेळ आणि संधी द्यायची असते, आणि तो ती खरोखर देतो की नाही हे मुंबईत बसून कळत नाही.

परिचारिकांच्या बाबतीत मान्यता नसण्याची किंमत थेट पैशांत दिसते. वृद्धसेवेसाठी १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या किमान वेतनानुसार प्रशिक्षण नसलेल्या मदतनिसाला तासाला १६.१० युरो, प्रशिक्षित मदतनिसाला १७.३५ आणि मान्यताप्राप्त परिचारिकेला २०.५० युरो मिळतात. आपल्याकडची चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग केलेली, अतिदक्षता विभागात काम केलेली मुलगी मान्यता येईपर्यंत मदतनीस म्हणून राबते, तिला सलाईन लावायची परवानगी नसते, आणि तिचा दिवस अंघोळी घालणे, भरवणे, अंथरुणे बदलणे यात जातो. इथल्या पद्धतीत हे परिचारिकेच्याच कामाचे अंग मानले जाते, नातेवाईक उशाशी बसून ते करत नाहीत. हे आधी कोणी सांगितलेले नसले की पहिल्याच आठवड्यात घरी फोन जातो, 'मला इथे आयाबाईचे काम दिले आहे.' मान्यतेसाठी पुढे ज्ञानपरीक्षा द्यायची की काही महिन्यांचे जुळणी-प्रशिक्षण घ्यायचे, हा पर्याय तिचा असतो, संस्थेचा नसतो. तेही तिला माहीत असायला हवे.

वाहनचालकांविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे चित्र अधिक कठीण आहे. भारतीय परवान्यावर जर्मनीत स्थायिक झाल्यापासून सहाच महिने गाडी चालवता येते. त्यानंतर चालवली तर तो विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. काही देशांचे परवाने परीक्षेविना बदलून मिळतात, त्या यादीत भारत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, मराठीत किंवा हिंदीत नाही. ट्रक किंवा बस चालवायची तर त्या वर्गाचा जर्मन परवाना आणि त्याशिवाय व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता लागते, आणि हा सगळा खर्च काही हजार युरोंच्या घरात जातो. तो कोण करणार याचे उत्तर करारपत्रात नसेल, तर वीस वर्षे घाटातून एसटी चालवलेल्या माणसानेही सही करू नये.

आता कागदपत्रांविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा प्रश्न खास आपला आहे. आपल्या परिचारिकांच्या पदविकेवर माहेरचे नाव असते, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर कधी माहेरचे तर कधी सासरचे, पासपोर्टवर सासरचे, आणि आधारकार्डावर तिसरेच काहीतरी. मधले नाव लग्नाआधी वडिलांचे आणि नंतर नवऱ्याचे, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही समजावून सांगण्यासारखे आहे असे वाटतच नाही. जर्मन कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मात्र पहिले नाव आणि आडनाव एवढ्या दोनच गोष्टी असतात. तिच्या पदविकेवरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे याचा पुरावा तो मागतो, आणि तो मिळेपर्यंत फाइल पुढे सरकत नाही. विवाहनोंदणीचा दाखला आणि नावबदलाची राजपत्रातील नोंद या दोन गोष्टी निघण्यापूर्वी काढून ठेवल्या, तर चार-पाच महिने वाचतात. जन्मदाखल्याचेही तसेच. नव्वदच्या दशकात खेड्यात जन्मलेल्या अनेकांच्या नोंदीत बाळाचे नावच नसते, नुसते 'मुलगी' किंवा 'मुलगा' असते. ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन दुरुस्त करणे गावात असताना कटकटीचे असते, इथे आल्यावर जवळजवळ अशक्य होते. आणखी एक गोष्ट एजंट मुद्दाम सांगत नाहीत. भारताने अपॉस्टिलच्या, म्हणजे सरकारी दाखला परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या शिक्क्याच्या, आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला तेव्हा जर्मनीने त्याला आक्षेप घेतला, त्यामुळे भारतीय जन्म-विवाह दाखल्यांवरचे अपॉस्टिल इथे उपयोगी पडत नाही. गरज पडेल तेव्हा जर्मन कार्यालय भारतातील जर्मन वकिलातीमार्फत वेगळी पडताळणी करून घेते. तरीही जर्मनीसाठी अपॉस्टिल करून देतो म्हणून प्रत्येक दाखल्यामागे पैसे घेणारी दुकाने पुण्या-मुंबईत राजरोस चालू आहेत. आपल्या दैनिकाच्या एखाद्या वार्ताहराने त्यांचा माग घेतला तर मोठे काम होईल.

पगाराचा आकडा हा आणखी एक सापळा आहे. तीन हजार युरो म्हणजे रुपयांत किती, हा हिशेब घरोघरी मांडला जातो, पण तो कपातीआधीचा आकडा असतो. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात त्यातले साधारण दोन हजारांच्या थोडे वर येतात. बाकीचे आयकर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा यांत जातात. त्या बदल्यात दवाखान्यात खिशात हात घालण्याची वेळ फारशी येत नाही, आणि न कमावणारी पत्नी व मुले यांचा विमा त्याच हप्त्यात होतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नभोवाणी शुल्क म्हणून दर घरामागे महिना १८.३६ युरो, घरात दूरदर्शन संच असो वा नसो, भरावेच लागतात, आणि त्याचे पत्र फसवणुकीचे समजून फेकून देणारे दर वर्षी दंड भरतात. वसई किंवा गोव्याकडून येणाऱ्या कॅथलिक बंधुभगिनींना एक वेगळी सूचना: नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो, आणि तिथे कॅथलिक लिहिले की या राज्यात आयकराच्या आठ टक्के इतका चर्चकर दरमहा कापला जातो. श्रद्धेपोटी तो आनंदाने देणारेही आहेत, परंतु तो कापला जातो आहे हे पगारपत्रकावरून कळू नये.

नोकरीचे पहिले सहा महिने बहुधा परिवीक्षेचे असतात, आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेवर करार मोडता येतो. बेकारी भत्त्याचा हक्क साधारणपणे बारा महिने विमाहप्ता भरल्यावरच मिळतो. म्हणजे ज्या काळात माणूस सर्वांत अगतिक असतो, नेमके त्याच काळात त्याच्याखाली जाळे नसते. याच अगतिकतेवर काही संस्था करारात परतफेडीचे कलम घालतात: ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषावर्गाचा, विमानाचा, मध्यस्थाचा खर्च म्हणून काही हजार युरो द्या. अशी सगळीच कलमे न्यायालयात टिकत नाहीत, पण जर्मन न समजणारी मुलगी न्यायालयापर्यंत जाईल कशी? इकडे भारतात परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यांहून अधिक घेता येत नाही, असा नियम आहे, आणि एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. एवढी एक चौकट आपण भरतीच्या प्रत्येक बातमीशेजारी छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नवागताला फुकट सल्ला देणारी व्यवस्था जर्मनीत आहे, फक्त ती शोधून येत नाही, शोधावी लागते. कारितास, डियाकोनी यांसारख्या संस्थांची प्रौढ स्थलांतरितांसाठीची सल्ला केंद्रे बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. नोकरीविषयक हक्कांसाठी 'फेअर इंटिग्रेशन' नावाची विनामूल्य सल्लासेवा आहे, आणि परदेशातून कामगार भरती करणाऱ्या मालकाने कामाच्या पहिल्या दिवशीच त्या सेवेची माहिती लेखी देणे १ जानेवारी २०२६ पासून कायद्याने बंधनकारक झाले आहे. आपल्या मराठी मंडळांचा गणेशोत्सव इथे देखणा होतो, पण मंडळात येणारा वर्ग मुख्यतः अभियंत्यांचा असल्याने परिचारिका आणि कारागीर तिथे बिचकतात. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी आरतीनंतरचा अर्धा तास जरी अर्ज कसे भरावेत यासाठी ठेवला, तरी प्रसाद गोड लागेल. जिना झाडण्याची पाळी कोणाच्या दारावर टांगली आहे, कचऱ्याच्या कोणत्या डब्यात काय जाते आणि रविवारी भिंतीत खिळा का ठोकायचा नाही, यांवरून शेजाऱ्यांशी होणाऱ्या कुरबुरी त्यातच मिटतील. त्यांना मी फारसे महत्त्व देत नाही, त्या वर्षभरात आपोआप विरतात.

मुलांना घेऊन येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. इथे चौथीनंतरच मुलांच्या शाळेच्या वाटा वेगळ्या होतात, आणि नऊ-दहा वर्षांचे मूल भाषेत कच्चे असताना आले तर त्याची बुद्धी चांगली असूनही त्याची शिफारस खालच्या प्रवाहाकडे होण्याचा धोका असतो. वाट नंतर बदलता येते, पण त्यासाठी पालकांना शाळेशी जर्मनमध्ये भांडता आले पाहिजे. म्हणून पालकांपैकी आधी एकाने यावे आणि मागाहून कुटुंब आणावे हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलांच्या बाबतीत मला पटत नाही. अशा मुलांना शक्य तितके लवकर आणावे, किंवा निदान त्यांची भाषा आई-वडिलांच्या बरोबरीने पुण्या-नाशकातच सुरू करावी.

केरळने हे काम कसे केले आहे, ते आपल्या राज्यकर्त्यांनी पाहावे. तिथे अनिवासी केरळीयांसाठीचा शासकीय विभाग १९९६ पासून आहे, त्याची 'नोर्का रूट्स' ही कंपनी परदेशी भरती स्वतः हाताळते, आणि जर्मनीच्या सरकारी यंत्रणांबरोबर परिचारिकांसाठीचा जो 'ट्रिपल विन' कार्यक्रम ती चालवते, त्यात उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. आमच्या संस्थेत आलेल्या केरळी मुलींच्या फाइली पाहिल्या की तिथल्या कोणीतरी प्रत्येक कागदावरचे नाव आधीच जुळवून पाहिले आहे, हे लगेच कळते. महाराष्ट्रातून सुट्या एजंटांमार्फत येणाऱ्यांच्या फाइलींमध्ये ती शिस्त दिसत नाही. आपल्याकडे करार झाला, वर्ग भरले, पण श्टुटगार्टमध्ये महाराष्ट्र शासनाच्या वतीने फोन उचलणारा एक मराठी-जर्मन जाणणारा अधिकारी नेमला जाणार आहे का, त्याला नोकरी देणाऱ्या संस्थांना जाब विचारण्याचा अधिकार असेल का, आणि परिवीक्षेत नोकरी गेलेल्या तरुणाची जबाबदारी पुढचे तीन महिने कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे मला शासनाच्या कोणत्याही निवेदनात आढळली नाहीत. पुढच्या तुकडीच्या बातमीसोबत आपल्या प्रतिनिधीने ती संबंधित मंत्रिमहोदयांना विचारावीत आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे, एवढेच मागणे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
श्टुटगार्ट परिसर, जर्मनी